राजा विस्तव आणायला गेलाय

अल ऐनला गेल्या महिन्यात जाणं झालं ते लेकीच्या शाळेच्या स्पर्धेमुळे. स्पर्धा लवकर आटोपली. दुबईला परत निघायचं म्हणून गाडी काढली, पण जुना चौक आल्यावर हात आपोआप उजवीकडे वळले. खजुरांच्या बागेची मातीची भिंत, मग बेकरी, मग तीन गल्ल्या सोडून चौथी. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली तेव्हा लेकीने मोबाइलमधून मान वर केली.

"आई, व्हॉट इज धिस प्लेस?"

"इथे आम्ही राहायचो. मी तुझ्याएवढी असताना. पुढच्या भागात आम्ही, आणि मागे एक राणी राहायची."

"लाइक, अ रिअल क्वीन?"

"हो. अगदी खरी."

तिने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. एवढं झालं की तिला खरोखर ऐकायचं असतं.

ती नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. बाबा एसी दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते आणि आई घरी स्वयंपाक करून एकट्या राहणाऱ्या माणसांना डबे द्यायची. आमचा व्हिला म्हणजे एका म्हाताऱ्या अरबाबाचं, म्हणजे अरब मालकाचं, जुनं घर. तो स्वतः दुसरीकडे नव्या घरात राहायला गेला आणि या घराचे त्याने दोन भाग केले. अंगणाच्या मधोमध विटांची भिंत घातली आणि तिच्यात एक पत्र्याचं दार ठेवलं. ते दार उन्हाने इतकं तापायचं की आई ते ओढणीचं टोक धरून उघडायची.

त्या घराचे वास अजून माझ्या नाकात आहेत. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी चहाला टाकावं इतकं गरम यायचं आणि त्याला गंजाचा वास असायचा. जुलैत सगळ्या गावावर पिकलेल्या खजुराचा गोड, थोडा आंबूस वास पसरायचा. खिडकीतल्या एसीखाली आम्ही डबडं ठेवायचो, त्यात थेंब पडत राहायचे. दुपारी बाहेर माणूस दिसायचं नाही. ऊन इतकं पांढरं की भिंतींच्या कडा हलल्यासारख्या वाटायच्या. लोक म्हणतात भीती अंधारात असते. मला मात्र भीती म्हटलं की ती पांढरी दुपारच आठवते.

राजा आला तो उन्हाळा उतरताना. एक लांब काळी गाडी मागच्या फाटकाशी थांबली आणि तिच्यातून एक उंच, वाळलेला म्हातारा उतरला. निळ्या-पांढऱ्या भरतकामाचा पायघोळ झगा, डोक्यावर विणलेली टोपी. त्याच्यामागे सुटातला एक माणूस, तो त्यांचा कारभारी. मग दोन बायका. एक पस्तिशीची, मान ताठ, खांदे रुंद. ती राणी. दुसरी विशीतली, डोक्यावर गाठोडं घेतलेली. ती तिची सेविका, लुम. राजाने पाऊल उचललं की दोघी वाकायच्या. त्याची सावली आपल्यावर पडू नये म्हणून त्या बाजूला सरकतायत हे मला गच्चीवरून दिसत होतं.

चौकीदार पठाण बाबांना म्हणाला, "साब, बादशाह है. अफ्रिका का. इधर इलाज के लिए आया."

बाबा हसले. "असेल. आपल्याकडे नव्हते का गल्लोगल्ली संस्थानिक."

आईला मात्र हसू आलं नाही. तिचं माहेर एका जुन्या संस्थानातलं. लहानपणी तिने पडदा लावलेल्या मोटारीतून जाणाऱ्या राणीसाहेबांचा एक हात पाहिला होता, फक्त हात. तिच्या मनात राणी म्हणजे तेवढीच होती. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी पत्र्याचं दार वाजलं आणि दारात राणी स्वतः उभी, हातात आखूड दांड्याची कुदळ, तेव्हा आई गडबडून गेली.

राणीचं इंग्रजी त्यांच्याकडच्या वळणाचं होतं, गोल गोल आणि झुलतं. आईला इंग्रजी जेमतेम. म्हणून मधे मी.

"विचारतेय, भिंतीच्या कडेला खणू का? मका लावायचाय तिला."

"राणी स्वतः खणणार?" आईने विचारलं.

मी ते विचारल्यावर राणीला नवल वाटलं. त्यांच्या राज्यात राजाची प्रत्येक बायको आपलं शेत स्वतः करते, असं ती म्हणाली. आपल्या मुलांना आपल्या हातचं घालते. जिला शेत नाही ती कसली राणी?

ते राज्य पश्चिम आफ्रिकेतल्या डोंगरांत होतं, लहानसं. त्याचं नाव तिने कितीदा सांगितलं, पण आमच्या तोंडून ते कधी नीट निघालंच नाही. ती आईला आदराने 'मामा' म्हणायची, त्यांच्याकडे आईला तसं म्हणतात. बाबांना त्याची फार गंमत वाटायची. "काय मामा, जेवायला वाढताय ना?" असं ते आईला चिडवायचे. आई तिला राणीसाहेब म्हणायची, आणि का कोण जाणे, तो शब्द त्या बाईला शोभायचा.

मका उगवला. वाळूत बागेतली माती कालवून, आंघोळीचं पाणी घालून राणीने तो उगवून दाखवला. संध्याकाळी ती ओळींमधून हिंडायची आणि प्रत्येक रोपाला बोट लावायची.

राजा क्वचितच दिसायचा. ऐकू मात्र यायचा. त्याच्या खोलीत जायची एक रीत होती. राणी ताट घेऊन दाराशी गुडघे टेकायची, ताट खाली ठेवायची, दोन्ही हातांची ओंजळ करून टाळ्या वाजवायची. त्या टाळ्यांचा आवाज आपल्या टाळ्यांसारखा फुटत नाही. मडक्यात खडा पडावा तसा खोल येतो. मग ती थांबायची. राजा "ये" म्हणत नसे. तो खोकायचा. आधी एक लहान, मग घसा साफ करावा तसा लांब. तो खोकला म्हणजे परवानगी. त्यानंतरच दार उघडायचं. ताट आत ठेवून ती तोंडावर हात धरूनच बोलायची, आणि तो जेवत असताना कोणीही तिथे थांबायचं नाही. राजाला जेवताना कोणी बघत नाही, असं लुमने मला सांगितलं. का, ते तिलाही माहीत नव्हतं.

एका शुक्रवारी आई अंगणात तांदूळ निवडत होती आणि राणी तिच्यासमोर शेंगा फोडत बसली होती. बघता बघता तिने आईच्या कपाळाकडे बोट केलं.

"हा लाल रंग कोणी लावला तुला?"

"ह्यांनी," आई म्हणाली. "लग्नात. आता रोज माझी मीच लावते."

राणी उठून गेली आणि एक लाकडी डबी घेऊन आली. आत लाल भुकटी. आईने वास घेतला आणि म्हणाली, "कुंकूच की." पण तो कुंकवाचा वास नव्हता. पावसात भिजलेल्या लाकडाचा, थोडा रक्तासारखा वास होता. त्यांच्याकडच्या एका झाडाचं लाकूड दगडावर घासून ती भुकटी करतात.

राणी सांगायला लागली. मी तुकड्यातुकड्याने आईला मराठीत सांगत होते.

ती सोळा-सतरा वर्षांची असताना आईबरोबर बाजारात घेवडा विकायला बसली होती. राजवाड्यातल्या म्हाताऱ्या बायका बाजारात आल्या. त्या आल्या की तरुण मुली टोपल्यांमागे लपतात. हिला उशीर झाला. एका म्हातारीने मागून येऊन हिच्या दंडावर लाल भुकटीचा हात ओढला. ओला, थंड हात. बाजार गप्प झाला. हिने आईकडे पाहिलं. आई उठली, दोन पावलं मागे सरकली आणि हिच्यासमोर वाकली.

"माझी आई," राणी म्हणाली, "सकाळीच तिने मला उशीर केला म्हणून धपाटा घातला होता. ती माझ्यासमोर वाकली. मी 'आई' म्हटलं तर तिने वर पाहिलं नाही. त्या दिवसापासून मला कोणी माझ्या नावाने हाक मारलेली नाही."

आईने निवडलेले तांदूळ ताटात तसेच राहिले. मग ती म्हणाली, "विचार तिला, नाव काय होतं?"

मी विचारलं. राणी हसली आणि मान हलवली. ते नाव आता दुसऱ्या कोणाचं तरी झालं असेल, म्हणाली.

हिवाळा आला. अल ऐनचा हिवाळा म्हणजे पहाटेचं धुकं आणि दिवसभर मऊ ऊन. मका माझ्या डोक्यावर गेला होता. एका सकाळी काळी गाडी आली आणि कारभाऱ्याने राजाला हॉस्पिटलात नेलं. तो चालत जाऊन गाडीत बसला. त्याचं बसायचं लाकडी आसन खोलीतच राहिलं. आपल्या पाटापेक्षा उंच, स्टुलापेक्षा ठेंगणं, पायांच्या जागी कोरलेले चार बिबटे. त्यावर त्याच्याशिवाय कोणी बसत नसे.

राजा परत आला नाही. काही दिवसांनी कारभारी दोन परक्या माणसांना घेऊन आला. ते अंगणात उभे राहून हळू आवाजात बोलले. राणी उभ्याने ऐकत होती, मग खाली मातीत बसली. रडली नाही. माणसं लगेच निघून गेली.

दुपारी आई डबा घेऊन गेली, मी सोबत.

"राजेसाहेब कसे आहेत?"

राणीने तोंडावर हात धरला, राजासमोर धरायची तसा. "राजा विस्तव आणायला गेलाय."

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं आणि वर विचारलं, "आई, विस्तव कशाला? त्यांच्याकडे गॅस आहे की."

आईने माझा हात दाबला. काही बोलू नकोस, असा.

पुढे लुमनेच मला अर्थ सांगितला. राजाच्या बाबतीत 'मेला' हा शब्द उच्चारायचा नसतो. तिकडे नवा राजा बसेपर्यंत जुना राजा असतोच. कोणाला कळता कामा नये. राणी एकटी परत गेली तर सगळ्यांना कळेल, म्हणून ती इथेच राहणार. केस काढायचे नाहीत, रडायचं नाही. रोज त्याचं जेवण करायचं आणि रोज त्याच्या दारात न्यायचं.

मग ते रोजचंच झालं. दुपारची अजान झाली की भिंतीपलीकडे ताट ठेवल्याचा आवाज. मग त्या मडक्यासारख्या टाळ्या. मग शांतता. मग दार उघडल्याची करकर.

मी अंगणात अभ्यासाला बसायचे. एक दिवस टाळ्या वाजल्या. भिंतीवरची कबुतरं एकदम गप्प झाली. मक्याची पानं हलायची थांबली होती, का ती आधीपासूनच स्थिर होती, ते आता सांगता येणार नाही. आणि खोकला आला. आधी एक लहान, मग लांब. दार करकरलं.

मी घरात गेले. आई भाजीला फोडणी देत होती.

"आई, मागे कोणीतरी खोकलं."

"ऐकलं मी," आई म्हणाली. "कालही ऐकलं." आणि तिने हिंग टाकलं.

त्या साध्या आवाजातल्या उत्तराने माझ्या अंगावर जो काटा आला, तसा पुन्हा कधी आला नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एसीचा कॉम्प्रेसर. बंद होताना खाकरतो तसा आवाज करतो. जुना झालाय तो. सांगा त्यांना, बघून देतो." सुट्टीच्या दिवशी ते हत्यारांची पेटी घेऊन खरंच गेले. राणीने आधी दाराशी टाळ्या वाजवल्या, मग त्यांना आत सोडलं. ते फार लवकर परत आले. मोरीत जाऊन हातपाय धुतले. नंतर चूळही भरली.

"झाला का दुरुस्त?" आईने विचारलं.

"तो सुरूच नाही. जळलेला आहे, महिने झाले असतील. वायरसुद्धा काढून ठेवलीय."

"मग?"

"मग काय. खोली थंड आहे. थंडीचे दिवस आहेत." ते खुर्चीत बसले. "त्या आसनापुढे अर्धं जेवलेलं ताट होतं. लुम जेवत असेल."

"लुम त्या खोलीत पाऊल टाकत नाही, अहो."

बाबांनी टीव्ही लावला. त्यानंतर कॉम्प्रेसरचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि माझा अभ्यास अंगणातून घरात आणला.

आई मात्र जात राहिली. मी एकदा विचारलं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते. पण ती तिथे एकटी आहे."

मक्याची कणसं भरली तेव्हाची एक दुपार मला स्पष्ट आठवते. राणी कणसं सोलत होती. तिकडून निरोप आला होता की नवा राजा ठरला आहे. थोड्याच दिवसांत कारभारी न्यायला येईल.

"सुटलात बाई," आई म्हणाली. "घरी जाल."

मी सांगितलं. राणीचे हात थांबले.

"घरी गेलं की आम्हा सगळ्या बायकांना एका झोपडीत बसवतील. केस काढतील. नंतर नव्या राजाला वाटून देतील. राजाचं सगळं नव्या राजाचं होतं. शेतं, ढोल, बायका." तिने पुढचं कणीस ओढलं. "नवा राजा माझ्या सवतीचा मुलगा आहे. त्याची आई लवकर गेली. मी त्याला पाठीवर बांधून शेतात नेत होते. त्याला पहिल्यांदा शेंगा खाऊ घातल्या त्या मी."

मला हे सगळं मराठीत कसं सांगावं ते कळेना. मी अडखळत सांगितलं. आईचा चेहरा उतरला.

"नाही म्हणता येत नाही?"

"कोणी म्हटलेलं नाही." मग राणीने विचारलं, "तुमच्यात काय करतात? नवरा विस्तव आणायला गेला की?"

"बांगड्या फोडतात," आई म्हणाली. "कुंकू पुसतात. आता शहरात एवढं राहिलं नाही. पण माझ्या आईचं पुसलेलं मी पाहिलंय."

"ती स्वतः पुसते?"

"नाही. दुसऱ्या बायका येऊन पुसतात."

राणीने कणीस हातात फिरवलं. "आणि ती म्हणाली, तो गेलेला नाही, इथेच आहे. तर?"

खोलीच्या दाराकडे आईची नजर गेली. "असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही," ती हळूच म्हणाली. "पण तो आहे असं सगळ्यांना ऐकू आलं, तर कुंकवाला हात कोण लावणार?"

मी ते सांगितलं. सोललेलं कणीस राणीने आईच्या ओटीत ठेवलं.

कारभारी आला तो धुळीच्या वाऱ्याचा दिवस होता. आकाश तांबूस, दातांखाली वाळू. सामान आधीच गाडीत गेलं होतं. कारभारी घाई करत होता, विमानाची वेळ झाली होती. "यल्ला, यल्ला," ड्रायव्हरही म्हणत होता. राणी खोलीच्या दाराशी गेली, गुडघे टेकले आणि टाळ्या वाजवल्या. कारभाऱ्याने वैतागून तोंड उघडलं.

आतून खोकला आला.

कारभाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. सुटातला, इंग्रजी शिकलेला तो माणूस कमरेतून वाकला आणि त्याने तोंडावर हात धरला.

राणी आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातांत ते आसन होतं, निळ्या-पांढऱ्या कापडाने झाकलेलं. ती पाठ न दाखवता, आसनाकडे तोंड करून, मागे मागे चालत गाडीपर्यंत आली. हलक्या आवाजात त्याच्याशी बोलत होती, म्हाताऱ्या माणसाला पायरी सांगतात तसं. आसन मागच्या सीटवर ठेवलं. तेव्हा गाडी त्या बाजूला खचली. थोडीच, पण खचली. पठाणाने पुटपुटत कानाला हात लावला. राणी दुसऱ्या बाजूने बसली. काच खाली करून तिने आईला जवळ बोलावलं, आईच्या कानात एक शब्द सांगितला आणि गाडी गेली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"तिचं नाव," आई म्हणाली.

आईने ते मला कधी सांगितलं नाही. माझ्याकडे विश्वासाने ठेवायला दिलंय, एवढंच म्हणायची.

पुढे आम्ही दुबईला आलो. मी शिकले आणि नव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या देरा बाजारातल्या एका ट्रेडिंग कंपनीत नोकरीला लागले. त्या बाजारात तेव्हा आफ्रिकेतून व्यापारी बायका यायच्या, कापडाचे तागेच्या तागे घेऊन जायच्या. एका दुपारी कापडाच्या दुकानाबाहेर एक जाडजूड बाई हमालावर ओरडत होती. तिने मान वळवली आणि मी थबकले. तिनेही मला ओळखलं, आधी डोळ्यांनी, मग हसत.

"मामाची मुलगी," लुम म्हणाली.

आम्ही शेजारच्या कॅफेटेरियात करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा घेतला. लुम आता स्वतःचा धंदा करत होती, वर्षातून दोनदा यायची. माझ्या मनात एकच प्रश्न होता आणि तो मला विचारवत नव्हता. तिनेच सांगायला सुरुवात केली.

"पूर्ण प्रवासात आसन तिच्या मांडीवर. झोपली नाही. राजवाड्याच्या चौकात सगळे जमले होते. इतर राण्यांची डोकी तोपर्यंत भादरली होती. म्हाताऱ्या बायका वस्तरा घेऊन हिच्याकडे आल्या. तिने आसन मधोमध ठेवलं, गुडघे टेकले आणि टाळ्या वाजवल्या. चौकात शेकडो माणसं होती, पण एक पोर रडलं नाही. सगळे त्या कापडाकडे बघत होते."

"आणि?"

"आणि खोकला आला."

मी कप खाली ठेवला. "कोण खोकलं, लुम?"

"तिथे दरबारातले किती म्हातारे होते. थंडीचे दिवस. कोणीही खोकलं असेल." तिने साखर ढवळली. "पण वाकले सगळे. सगळ्यात आधी कोण वाकलं ठाऊक आहे? नवा राजा. बिबट्याच्या कातड्यावर बसलेला, तो खाली उतरला आणि तोंडावर हात धरून वाकला. राणी म्हणाली, माझा धनी माझ्याबरोबर परत आलाय. मी त्याच्या सेवेत आहे. मला कोणाला द्यायचं ते त्याला विचारा."

"विचारलं कोणी?"

"कोण विचारणार? वस्तरा परत गेला. नव्या राजाने तिला तिच्या शेताला लागून घर बांधून दिलं. आसन तिथेच आहे. मलाही तिने मोकळं केलं, म्हणाली, जा, व्यापार कर. तिचे केस पांढरे व्हायला लागलेत, पण लांब आहेत. जुन्या राजाच्या बायकांत वस्तरा न लागलेली ती एकटीच."

मी शेवटी विचारलं. "तिने हे सगळं ठरवून केलं का? अल ऐनपासून?"

लुमने काचेतून पाहिलं. बाहेर हमाल तागे गाडीवर चढवत होते.

"अल ऐनला मला वाटायचं, तीच आवाज काढते. मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. तोंड मिटलेलं असायचं. मागच्या पावसाळ्यात मी तिला भेटायला गेले. ती शेतात होती, लांब, मला तिची पाठ दिसत होती. मी घरात शिरले आणि सवयीने दाराशी टाळ्या वाजवल्या." ती उठली, पिशवी खांद्याला लावली. "मी पुन्हा त्या घरात एकटी जाणार नाही. पण तिला त्याची भीती नाही. तिला माणसांची होती."

मी हे सगळं लेकीला सांगेस्तोवर गाडीतल्या एसीने काचा धूसर झाल्या होत्या. व्हिलाचं मागचं फाटक उघडलं आणि एक तरुण मल्याळी बाई कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर आली. आम्हाला थांबलेलं पाहून जवळ आली. मी सांगितलं, लहानपणी इथे राहायचो. तिने आग्रहाने आत नेलं.

मधली भिंत गेली होती. मक्याच्या जागी फरशी होती. तिने राजाच्या खोलीचं दार हळूच ढकललं. पाळणा, भिंतीवर हत्तींची चित्रं, खिडकीत नवा एसी. बाळ पालथं झोपलं होतं, मूठ तोंडाशी.

"दीदी, बहुत अच्छा घर है," ती कुजबुजली. "एकदम शांत. बेबी पूरा दोपहर सोता है."

मी उंबऱ्यात उभी राहिले आणि ऐकत राहिले. एसीची घरघर, बाळाचा श्वास. त्यापलीकडे काही नव्हतं. भिंतीत कोणी दडलेलं नव्हतं, कोपऱ्यात थंडी नव्हती. त्या खोलीतून कोणाला तरी जपून, पायरी सांगत, पूर्णपणे नेलेलं होतं.

हायवे लागल्यावर लेक म्हणाली, "बट वॉज ही रिअली देअर, आई?"

मी घड्याळ पाहिलं. इथे चार वाजत आले होते. तिकडे आत्ता कुठे दुपार झाली असेल. राणी आता म्हातारी झाली असेल, आणि दोन ताटं वाढायला तिला वेळ लागत असेल.